सावड कुणाच्या मालकीची?

जुन्नरच्या कोर्टामागच्या गल्लीत साधना औटीचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. वर कौलं, मागं स्वयंपाकघर, मध्ये कपाटांनी अडवलेली वाट. वकिली करता करता केस पिकले, आणि तेवढ्या काळात तिच्यासमोरच्या खुर्चीत जो बसला तो एकच पाढा म्हणत बसला: हे माझं आहे, त्याच्याकडून काढून द्या. बांध माझा, विहीर माझी, वाट माझी. एकदा दोन सख्खे भाऊ फणसाची पूर्वेकडची फांदी कुणाची म्हणून भांडत आले होते. साधनाला त्याचं नवल उरलं नव्हतं. नवल उरत नाही तिथं कंटाळा येऊन बसतो, तसा तो बसला होता. म्हणून घाटघरच्या लंकाबाई रेंगड्यांची गोष्ट सांगायची तर साधनाच्या त्या खुर्चीपासूनच सुरू करावी लागते.

दिवाळी सरली होती. सकाळच्या एसटीनं दोन बायका उतरून थेट आत आल्या. पुढची उंच, काटक, पन्नाशीची. पदर डोक्यावरून घट्ट. मागची तिच्याहून म्हातारी, बुटकी, आणि तोंडानं चालू.

"ह्याच का वकीलबाई? म्या म्हणलं, लई जाडजूड असतील."

"ठमाबाय, गप बस," उंच बाई म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून एक लिफाफा काढून तिनं टेबलावर ठेवला. उघडलेला होता, पण घडी पहिल्यासारखीच घातलेली. "माझ्या नातीनं वाचून दावला. तिला बी निम्मा समजला."

पुण्याच्या एका वकिलाची नोटीस होती. 'सावड' हे नाव त्याच्या अशिलाच्या कंपनीनं हॉटेल व खाद्यसेवेसाठी रजिस्टर केलेला ट्रेडमार्क आहे. घाटघर-नाणेघाट रस्त्यावर लंकाबाई रेंगडे याच नावानं खानावळ चालवतात, त्यामुळे गिऱ्हाइकांची दिशाभूल होते. पंधरा दिवसांत पाटी उतरवावी, नाव वापरणं थांबवावं, अन्यथा पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल होईल. सोबत पुरावा म्हणून कुणा पर्यटकानं फोनवर टाकलेला शेरा छापून जोडला होता. त्यानं पुण्याच्या 'सावड' हॉटेलबद्दल लिहिलं होतं, "इथली भाकरी ठीक. पण तुमच्या घाटघरच्या शाखेत जास्त चांगली मिळते."

साधनाला हसू आलं. तिनं तो शेरा वाचून दाखवला.

"बघ, आपली भाकर बरी म्हंतोय," ठमाबाई म्हणाली. "मंग भांडण कशाचं?"

"भांडण नावाचं आहे."

"नावाचं कसलं? सावड काय त्यांच्या बापानं काढली?"

सावड म्हणजे काय, हे ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यासाठी एकदाच सांगते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही. दिवसाचा दिवस फेडायचा, आणि ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. पश्चिमेकडच्या डोंगरांत भात असंच लावतात आणि असंच कापतात. तिथल्या पोराला हा शब्द 'आई'नंतर लवकरच येतो.

लंकाबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. "वकीलबाई, शब्द कुणाच्या मालकीचा व्हतो का?"

प्रश्न साधा होता आणि साधनाला तो आवडला. "होतो आणि होत नाही. समजा, कुणी भाकरी विकतं आणि म्हणतं, 'भाकरी' हा शब्द माझा, दुसऱ्यानं पाटीवर लिहायचा नाही."

"येडं हाय," ठमाबाई.

"कायदाही तेच म्हणतो. जी वस्तू विकता, तिचं रोजचं नाव तुम्हाला एकट्याला मिळत नाही. पण त्यानं भाकरी न विकता सायकली विकल्या, आणि सायकलीला नाव दिलं 'भाकरी', तर?"

"सायकल खायाची का?"

"खायची नाही, म्हणून तर नाव लक्षात राहतं. मग दुसऱ्या सायकलवाल्याला ते नाव लावता येत नाही. भाकरीवाला मात्र भाकरीला भाकरी म्हणायला मोकळा. शब्द जुनाच असतो, तो चिकटवला कशावर यावर सगळं."

लंकाबाई ऐकत होत्या. भांड्यात पाणी ओतताना काठाकडं बघावं तसं त्यांचं बघणं होतं, सांडू न देणारं. "आन त्यांनी सावड चिकटवली हाटेलावर."

"हो. सावड म्हणजे काही आमटी नाही, भाकरी नाही. म्हणून त्यांना ती मिळाली. आता तुमच्यापुढं दोन वाटा. त्यांच्या आधीपासून तुम्ही हे नाव सतत लावत असाल, तर ते तुम्हाला अडवू शकत नाहीत. किंवा तुम्ही दुकानाचं नाव म्हणून न लावता, काम जसं चालतं ते प्रामाणिकपणे सांगायला हा शब्द लिहिला असेल, तरीही अडवता येत नाही. पण दोन्हीला पुरावा लागतो. पाटी कधीची?"

"पाटी ह्या करोनाच्या मागनं. महंमद हनीफ पेंटरनं करून दिली. सावड त्याच्या लई आधीची."

"पाटीच्या आधी नाव कुठं लिहिलं होतं?"

"लिव्हायचं कशाला? सगळ्यांना म्हाईत व्हतं."

सरकारी परवान्यावर, जुन्नरच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं त्याच्या मनानं 'महिला भोजनालय' घातलं होतं. साधनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुराव्याच्या नावानं शंख.

लंकाबाई मात्र दुसरीकडंच पोचल्या होत्या. "म्हंजी ही पुण्याची बाई सावडीत आली म्हणायची, आन आपल्याला म्हाईतच न्हाई."

"आली नाही हो. तिनं नाव घेतलं."

"सावड घेत्यात व्हय? सावडीत येत्यात."

साधनाला घाई होती. बाहेर दोन पक्षकार खोळंबले होते. तिनं सोपा उपाय सांगून टाकला. "हे बघा, दावा लढवता येईल, पण पुण्याला खेटे घालावे लागतील. त्यापेक्षा पाटी बदला. 'लंकाबाईंची खानावळ' लिहा. स्वतःचं नाव लावायला कायद्यात कुणाचा अटकाव नाही. एका दिवसात मिटलं."

"बरं व्हईल की!" ठमाबाई म्हणाली. "लंके, तुझं नाव पाटीवर. नाणेघाटाला येणारी सगळी मुंबई वाचंल."

लंकाबाई उठल्या. "न्हाई," एवढंच म्हणाल्या. नोटीस पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवू लागल्या, तेव्हा साधनानं ती काढून घेतली.

"का नाही?"

"माझं नाव नगं. दुसरं कायतरी बघा."

साधनाचा पारा चढला. शिकलेल्या माणसाला सोपा उपाय नाकारलेला सोसत नाही. या बाईला काय वाटतं, कायदा म्हणजे देवाला लावलेला कौल आहे, पुन्हा पुन्हा लावायचा? पण त्या 'न्हाई'मध्ये हट्ट ऐकू आला नव्हता. भीती ऐकू आली होती, आणि ती तिच्या कानात राहिली. म्हणून रविवारी गाडी काढून ती स्वतःच घाटघरला गेली. म्हणायला, पुरावे शोधायला.

खानावळ रस्त्याच्या कडेला आहे. कुडाची भिंत, पत्र्याचं छत, मागं जीवधनचा कडा डोक्यावर आल्यासारखा. दारावर हनीफची पाटी: निळ्यावर पांढरं 'सावड', आणि खाली 'नाचणीची भाकरी, आमटी, ठेचा'. साधना पाटीसमोर उभी राहिली. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं. आपल्याकडच्या झाडून सगळ्या पाट्यांवर खाली उजव्या कोपऱ्यात 'प्रोप्रा.' आणि पुढं मालकाचं नाव असतं. चहाच्या टपरीवरसुद्धा असतं. इथं पट्टी आखलेली होती, पिवळ्या रेघेत, आणि आत काही नव्हतं.

"हनीफभाईनं इचारलं, मालकाचं काय टाकू," आतून ठमाबाई म्हणाली. "आमी एकमेकीच्या तोंडाकडं बघितलं. त्यो म्हणला, ठरलं की सांगा, जागा ठेवतो. अजून ठेवलीय."

त्या दिवशी चूल ठमाबाईच्या ताब्यात होती, कारण दिवस ठमाबाईचा होता. साधनाला हे समजायला थोडा वेळ लागला. इथं आठ घरं. रोज एका घरचा दिवस. बाकीच्यांतल्या दोघी-तिघी मदतीला येतात, पीठ मळतात, भांडी घासतात, आणि त्या दिवशी जे गल्ल्यात येईल ते त्या घरचं. पगार कुणालाच नाही. भाताला जी रीत, तीच चुलीला लावलेली.

"पण रविवारी गर्दी, आणि मंगळवारी कुत्रं फिरकत नाही. रविवार कुणाला मिळतो?"

"समद्यांना," ठमाबाई भाकरी थापत म्हणाली. "वार सात, घरं आठ. हप्त्याला एक दिस सरकतो. आज माझा आयतवार, पुढच्या फेरीला माझा सोमवार. कुनी ठरवायचं न्हाई, कुनी रुसायचं न्हाई. सातच घरं व्हती तवा भांडणं व्हायची. आठवं आलं न् मिटलं."

साधना हातातला चहा विसरली. वाटण्यांचे दावे चालवून चालवून तिचे दात झिजले होते. चार भावांत एका विहिरीच्या पाळ्या ठरवायला तिनं तारखांवर तारखा घेतल्या होत्या. आणि इथं आठ घरांच्या फेरीनं आपोआप न्याय चालू होता, कुणाच्या सहीविना.

मग तिनं विचारलं, जे विचारायला ती खरी आली होती. लंकाबाई नाव लावायला का घाबरतात?

ठमाबाईनं दाराकडं बघितलं. लंकाबाई मागं लाकडं फोडत होत्या. कुऱ्हाडीचा आवाज येत होता. "ती सांगायची न्हाई. म्या सांगते."

लंकाबाई माहेरच्या मढच्या. लग्न होऊन घाटघरला आल्या. तिसऱ्या की चौथ्या वर्षी नवरा, दादाभाऊ, हिरडा झोडताना झाडावरून पडला आणि कमरेनं अधू झाला. भात उभं होतं, पिकून झुकलेलं, आणि पदरात तान्हं पोर. सावडीला एका घरातनं जितकी माणसं येतात, तितकी त्या घरानं परत द्यावी लागतात. अधू नवऱ्याची आणि ओल्या बाळंतिणीची सावड कोण घेणार? लंकाबाई कुणाकडं गेल्याच नाहीत. उगवतीला विळा घेऊन एकट्या खाचरात उतरल्या आणि मान वर केली, तेव्हा बांधावर माणसं उभी होती. न बोलावता आलेली. सगळी वाडी.

"आमी कापलं, बांधलं, खळ्यात नेऊन टाकलं. तिच्या घरात जेवण घालायला धड पीठ न्हाई. तिनं कण्या शिजवून वाढल्या. म्या म्हणलं, लंके, फेड न्हाई घ्यायची तुझ्याकडनं. तर मला म्हणली, आत्या, फेड न्हाई घेतली तर म्या सावडीतली ऱ्हायाची न्हाई, भिकारीण व्हईन." ठमाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "फेडलं की हिनं. सगळ्या घरांचं. पाठीवर पोर बांधून, पुढचं एक वरीस, त्याच्या पुढचं बी. ज्यांची माणसं मरून गेली, त्यांच्या सुनांच्या खाचरात जाऊन फेडलं. आमी इसरलो तरी ती इसरायची न्हाई. मग रस्ता झाला, गाड्यावाली भाकर मागाया लागली, तवा ही चूल हिनंच काढली. पयल्या दिशी हिला म्हणलं, तुझं हाटेल हाय. तर ही म्हणली, माझं झालं तर तुमी माझ्या मोलकरणी व्हताल. त्ये मला जमायचं न्हाई. सावड करू."

कुऱ्हाडीचा आवाज थांबला. लंकाबाई ओझं घेऊन आत आल्या, लाकडं चुलीपाशी टाकली, साधनाकडं बघितलं. "मिळाला का पुरावा?"

 साधनानं मान हलवली. कशी हलवली ते तिलाही ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर तिला कळून चुकलं होतं की तो एका दिवसाचा सोपा उपाय या बाईला आयुष्यातून उठवणारा होता. पाटीवर 'लंकाबाईंची' हा एक शब्द चढला असता, आणि सात घरच्या बायका त्या क्षणी नोकर झाल्या असत्या. ठमाबाईसुद्धा.

म्हणून साधनानं पुण्याला चांगलं कडक उत्तर लिहायला घेतलं. ते अर्धं झालं होतं, तेवढ्यात लंकाबाईंचा फोन.

"वकीलबाई, शनवारी या. त्या पुण्याच्या बाई येणार हायती."

"कुठं येणार? कोण म्हणालं?"

"आमीच बोलावलं. हाटेलाचा नंबर माझ्या नातीला, संस्कृतीला, फोनात गावला. तिला म्हणलं, लाव. म्या सांगितलं, तुमी सावडीत आला असं कागद आलं हायत, तर भात कापायचं हाय, शनवारी या. त्या म्हणल्या, येते."

साधनानं कपाळावर हात मारला. समोरच्या पक्षाशी परस्पर बोलायचं नाही, हे पक्षकाराला बजावायला ती विसरली होती. आणि बोलून काय बोलल्या? तर 'तुम्ही सावडीत आलात' असं! पुण्याचा वकील त्याचा अर्थ कबुली असा लावणार. आणि ती पुण्याची बाई तडजोडीला बोलावलंय समजून कागदपत्रांसह येणार, इकडं लंकाबाईंच्या मनात भातकापणीचा विळा.

शनिवारी साधना पोचली तर खानावळीला कडी. दारावर खडूनं लिहिलेलं: 'आज सावड हौशीरामच्या खाचरात. जेवण तिथंच.' पुण्याची गाडी तिच्या आधीच येऊन थांबली होती. गाडीपाशी चाळिशीची एक बाई पाटीकडं आणि खडूच्या अक्षरांकडं आळीपाळीनं बघत उभी. हीच प्रतिभा वाळुंज. पुण्यात दोन हॉटेलं, तिसरं मढजवळ माळशेजच्या रस्त्याला बांधायला काढलेलं.

"तुम्ही औटी मॅडम ना? मला बोलावून यांनी दुकान बंद ठेवलंय." आवाजात राग होता, पण बोट खडूच्या ओळीवर होतं. "हे असं नेहमी लिहितात?"

"कापणी असेल त्या दिवशी. आवणीत, भात लावतानाही."

"आणि गिऱ्हाईक?"

साधनानं खाली दाखवलं. उतरणीवर भाताची खाचरं एकाखाली एक, काही कापलेली, काही सोनेरी उभी. हौशीरामच्या खाचराच्या बांधाशी चूल पेटलेली होती, आणि चुलीभोवती कुणी ट्रेकवाली पोरं, एक मुंबईकडचं कुटुंब, दोन मोटारसायकलवाले मांडीवर भाकरी घेऊन जेवत होते. कुणी कुणाला विचारून आलं नव्हतं. दारावर वाचून खाली उतरलं होतं. एका पोरानं जेवून हात धुतले, विळा मागितला, आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. बायकांनी त्याला मध्ये घेतलं आणि भाताऐवजी बोट कापू नको म्हणून खिदळल्या.

दोघी खाली उतरल्या. लंकाबाई रांगेतून बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसलं. "आलात? आदी जेवा."

"मी बोलायला आलेय," प्रतिभा म्हणाली.

"जेवून बोला. उपाशी माणसाचं बोलणं तिखट येतं."

"आन जेवल्यालीचं बी तिखटच येणार, आज ठेचा लंकीनं केलाय," ठमाबाई रांगेतूनच ओरडली.

प्रतिभा जेवली. बांधावर, चांगली साडी आवरून. जेवता जेवताच तिचा आवाज खाली आला. तिनं सांगितलं ते खोटं नव्हतं, साधनाला ऐकताक्षणी पटलं. लोक समजतात कंपनी म्हणजे राक्षस. हिनं स्वतःच्या हिमतीवर हॉटेल काढलं, आणि नाव जपलं नाही तर उद्या कुणीही गावभर 'सावड'च्या पाट्या लावून शिळं अन्न विकेल आणि शिव्या हिला बसतील. "आणि नाव मी चोरलेलं नाही. मी लोणीची. आमची आजी सांगायची सावडीच्या गोष्टी. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कांदा आला, मजुरांच्या टोळ्या आल्या. आता आमच्याकडं सावड कुणी करत नाही. म्हणून म्हटलं, शब्द तरी राहू दे."

लंकाबाईंनी हातातला विळा खाली ठेवला. "काम गेलं आन शब्द ऱ्हायला?"

"हो."

"असं बी व्हतं?" त्या खरोखरच थक्क झाल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखं त्या पूर्वेकडं, लोणी जिकडं आहे तिकडं, बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या हाटेलात पाळी कशी हाय?"

"पाळी नाही. नोकर आहेत. पगार आहे."

"येळेवर देता?"

"एक तारखेला."

"मंग चांगलं हाय की. पर ती सावड न्हाई." शब्दात टोमणा नव्हता. भाताच्या लोंबीकडं बघून ही कोळपी आहे, आंबेमोहोर नाही, म्हणावं तसं त्या म्हणाल्या. "तुमी नाव ठेवा, माझं कायबी म्हणणं न्हाई. लेकराचं नाव गंगा ठेवलं म्हणून नदीला दुसरं नाव घ्यावं लागतं का? आमी जे करतो त्याला आमी काय म्हणू, त्ये तेवढं सांगा. आमाला दुसरा शब्द न्हाई."

 प्रतिभानं वर रस्त्याकडं बघितलं. इथून पाटीवरची अक्षरं वाचता येत नव्हती, बंद दार तेवढं दिसत होतं. साधना वकील होती. तिला कळलं की दावा इथं, बांधावर, जवळजवळ संपला. कायद्याच्या भाषेत ज्याला कामाचं प्रामाणिक वर्णन म्हणतात, ते खडूनं दारावर लिहिलेलं होतं, आणि त्याच्या साक्षीदारांच्या हातात भाकऱ्या होत्या. कोर्टात ते उभं करायला तिला वर्षं लागली असती.

"माझा वकील मला वेड्यात काढेल," शेवटी प्रतिभा म्हणाली.

"काढू दे," ठमाबाई म्हणाली. "आमी पुण्याला पाटी लावाया येत न्हाई. घाट चढताना मला दम लागतो."

करार व्हायला होळी आली. वकील लोकांच्या हातात पडलं की भातही लवकर शिजत नाही. पण झाला. प्रतिभाच्या कंपनीचं नाव आणि चिन्ह हॉटेलांसाठी तिचंच. घाटघरची खानावळ आहे तिथं, आहे त्या पाटीसकट, 'सावड' म्हणूनच चालेल; शाखा काढणार नाही, कंपनीचं चिन्ह वापरणार नाही. आणि साधनानं भांडून एक कलम घालून घेतलं: सावडीनं चालणाऱ्या कुठल्याही कामाला सावड म्हणण्यास कंपनीची हरकत असणार नाही.

सहीला लंकाबाई आणि ठमाबाई आल्या. टंकलेखकानं नमुन्यातलं तसंच ठेवलं होतं: 'लंकाबाई दादाभाऊ रेंगडे, मालक, सावड खानावळ'. लंकाबाईंनी अक्षरं जुळवत वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागला, साधना थांबली. मग त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, आणि 'मालक' या शब्दावर एक सरळ रेघ ओढली. घाई नाही.

साधनाच्या हातून त्या खोलीत हजारो कागद गेले होते. मालकीसाठी खोट्या सह्या करणारे तिनं पाहिले, भावाचं नाव गाळणारे, बापाला वेडा ठरवणारे पाहिले. स्वतःच्या नावापुढची मालकी स्वतःच्या हातानं खोडणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. तिचा हात आपोआप चष्म्याकडं गेला. नोटीस आलेली असताना, नाव वाचवायला आलेली ही बाई नाव वाचवून मालकी टाकून देत होती, आणि तोंडावर भाव असा की डाळीतला खडा काढला.

"इथं सगळ्यांची नावं घाला," लंकाबाई म्हणाल्या. "आठ. ठमाबायचं आदी, थोरली हाय."

"मला सही येत न्हाई," ठमाबाई म्हणाली. "अंगठा उठवते. पर अंगठा माझा मोठा हाय, जागा ठेवा."

आठही घरच्या बायका पुढच्या आठवड्यात येऊन सह्या-अंगठे करून गेल्या. साधनानं फीचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. तिनं मनाशी म्हटलं, संपलं. फाइल बांधून वरच्या फळीवर टाकली.

वैशाखात, पहाटेच्या पहिल्या एसटीला, तिच्या दारात गलका झाला. उघडून बघते तर घाटघरच्या बायका. पदर खोचलेले, डोक्यावर गाठोडी, एकीच्या खांद्यावर शिडी. शिडी एसटीच्या टपावरून आणली होती.

"काय झालं? पुन्हा नोटीस?"

"न्हाई. तुमची पाळी हाय," लंकाबाई म्हणाल्या.

"माझी कसली पाळी?"

"तुमी आमच्यात किती दिस राबला. फेडायचं न्हाई का? कापणी झाली, झोडणी झाली, रोपांसाठी राब भाजून झाला. आता मोकळ्या हाय."

"अहो, पण मला शेत नाही."

"शेत न्हाई म्हंजी घरात काम बी न्हाई?" लंकाबाई दोन पावलं मागं सरून वर बघू लागल्या. "कौलं कंदी चाळली व्हती?"

आई गेल्यापासून चाळली नव्हती. पावसाळ्यात फाइलींवर पातेली मांडून साधना झोपायची. मजूर बघू, उद्या बघू, करत वर्षं गेली. एकट्या बाईच्या घराचं छत तिच्या एकटीचंच, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. ठरवल्याचंही ती विसरली होती.

शिडी लागली. लंकाबाई आधी चढल्या. कौलं उतरू लागली, एकीच्या हातातून दुसरीच्या, दुसरीच्या हातातून तिसरीच्या, शेवाळ झाडलेली, फुटकी बाजूला. कोर्टाला निघालेले वकील गल्लीत थांबून बघू लागले. उघड्या वाशांतून ऊन थेट खोलीत आलं, कपाटांवर, फायलींवर, त्या खुर्चीवर.

साधना उंबऱ्यात उभी होती. वर बघत होती. तोंड उघडं राहिलं होतं, आणि ते मिटायचं तिला भान नव्हतं.

"वकीलबाई," वरून ठमाबाईचा आवाज आला, "नुसत्या बघत काय ऱ्हायल्या? सावडीचं जेवण ज्याच्या घरी त्यानं घालायचं. आठ जणी हायती. चूल पेटवा."